हळू बोल

छपरावर नऊ काळ्या पाट्या बसवून
उझोमा शिडीवरून उतरली, चपला हातात घेऊन,
म्हणाली, "मॅडम, आता जनरेटरला रजा द्या."
एकोणीस वर्षं रोज संध्याकाळी खेचलेली दोरी
लादिपोनं, माझ्या नवऱ्यानं, गुंडाळली,
खिळ्याला टांगली,
आणि पँटला हात पुसत बसला, हात स्वच्छच असताना.

त्या रात्री आठ वाजता
इबादानच्या या घरात मला पहिल्यांदा कळलं
की फ्रिज स्वतःशी पुटपुटतो,
भिंतीवरचं घड्याळ खरंच चालतं,
पलीकडचे पाद्रीबुवा प्रार्थनेआधी तीनदा खाकरतात.
"मीठ दे!" मी ओरडले.
"काय झालं?" तो दचकून ओरडला.
मग टेबलाच्या दोन टोकांना आम्ही दोघं गप्प,
चोरी करताना दिवा लागावा तसे.

आम्हाला हळू बोलताच येत नव्हतं.
मुलं वाढवली ती ओरडून.
प्रेमाची वाक्यं, जी काही चार होती,
तीही पेट्रोल संपताना,
इंजिन आचके देत असताना उरकलेली.

आणि एक कबूल करते.
त्या घरघरीच्या आडून मी त्याला काय काय म्हणून घेतलंय!
भांडी घासताना, त्याच्या बहिणीचा फोन आल्यावर,
जुनी प्यूजो विकायला तो आठ महिने तयार होईना तेव्हा.
(शेवटी विकली. छपरावर आहे ती आता.)
परवा सवयीनं म्हणून गेले, "म्हातारा बैल."
बाहेरच्या खोलीतून लगेच, "ऐकलं."
मग जरा थांबून,
"तेव्हाही कळायचं. ओठांवरून."

दुपारीच इस्त्री, उझोमानं बजावलंय,
रात्री बॅटरी जपायची.
पहाटे उठून तो आकडा बघतो. अडतीस टक्के.
मी मुख्याध्यापिका होते, मला माहीत आहे,
अडतीस म्हणजे काठावर पास.
जानेवारीत हरमाटानची धूळ बसली की बावीस.
मग सत्तरीतला हा माणूस फडकं घेऊन वर चढतो,
मी खाली शिडी धरून उभी,
आणि शिकलेलं सगळं विसरून बोंबलते.

सिकिरू मेकॅनिक अजून दर शनिवारी येतो.
प्लग काढून पुसतो, परत बसवतो.
पैसे देऊ केले तर घेत नाही, नाही दिले तर रेंगाळतो.
माल्टची बाटली देते. "फार थंड आहे," म्हणतो,
तक्रार असावी तशी.
त्याच्या नखांतला काळा रंग फिका होत चाललाय.
त्याच्याशी बोलायला पूर्वी मला ओरडावं लागायचं,
आता शांततेत काय बोलावं ते सुचत नाही.

मँचेस्टरहून देजीचा फोन.
"आई? लाइन कट झाली का?"
"नाही रे, बोल."
"मागचा आवाज कुठे गेला?"
सांगितलं. खूश झाला, अभिनंदन म्हणाला,
मग म्हणाला, फोन चुकीच्या घरी लागल्यासारखं वाटतंय.

काल रात्री गल्लीत वीज आली, पाच दिवसांनी.
सगळी पोरं एकदम ओरडली, "अप नेपा!"
टाळ्या, डबे बडवणं, कुणाचा तरी रेडिओ
अर्ध्या वाक्यापासून सुरू.
आमच्याकडे काहीच झालं नाही.
दिवा होताच. पंखा होताच.
फुकटात मिळणारा तेवढा एक आनंद,
तो पैसे मोजून बंद केलेला.

मी हातातलं ताट खाली ठेवलं,
व्हरांड्यात गेले,
आणि गळा फाडून ओरडले, "अप नेपा!"

"हळू," लादिपो मागून आला.
कठड्याला धरून उभा राहिला, श्वास घेतला,
आणि माझ्याहून मोठ्यानं ओरडला.